काकाजींनी कापलेला पाट

आदिलाबादला खोली शोधत फिरत होते तेव्हा घरमालक लोकांनी मला विचारायचं ते सगळं विचारून घेतलं. गाव कोणतं, लोक कोण, लग्न झालं का, झालं नसेल तर काऊन नाही झालं, मटण-मच्छी चालते का, पाहुणे फार येतात का. काकाजींनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, सदऱ्याच्या खिशातून मूठभर लाकडाचे तुकडे काढले, समोरच्या स्टुलावर ओतले आणि म्हणाले, "लाव."

मी पोस्टात नुकतीच लागलेली. पांढरकवड्याहून आलेली, लॉजवरच्या ढेकणांनी फोडून काढलेली, हातात बॅग आणि पोटात काही नाही. मला वाटलं म्हातारा चळला आहे. तरी खोली हवेशीर होती, जिना बाहेरून होता, म्हणून बसले. तुकडे सगळे वाकडेतिकडे, एकासारखा दुसरा, आणि एकाच रंगाचे. मी विचारलं, "याचं चित्र कुठं हाये?"

"चित्र नाई त्याले. लाकडाची रेघ पाय."

कसली रेघ आणि कसलं काय. मी लावत बसले. आतून एक ठेंगणी, गोरी बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि पदराआडून हळूच म्हणाली, "तो लांबुळका उलटा करून पाय, माय." काकाजी तिकडून गरजले, "सांगू नको तिले." बाई म्हणाली, "मी कायले सांगू? मी पाणी द्यायले आली," आणि आत जाता जाता दुसऱ्या एका तुकड्यावर बोट ठेवून गेली. बऱ्याच वेळानं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काकाजी, मले खोली पायजे, खेळनं नको. द्यायची असंन तं द्या, नाई तं मी चालली." असं म्हणून मी पुन्हा तुकडे लावायलाच लागले, हे माझ्या लक्षात आलं नाही. त्यांच्या आलं. ते खुश होऊन आत ओरडले, "चिडली, पन उठली नाई. दे इले चावी."

त्या घरात मी चार वर्षं काढली. काकाजी आणि ती पाणी देणारी बाई, म्हणजे काकू, यांच्याबद्दल लिहायचं म्हणते आहे कधीची, पण लिहायला बसलं की मला काकाजींचं नाव धड आठवत नाही. दाराच्या पाटीवर होतं, भाड्याच्या पावतीवर होतं, पण गल्लीतले मराठी लोक, समोरचा तेलुगू डॉक्टर, बस स्टँडवरचा चहावाला, सगळे काकाजीच म्हणायचे.

काकाजींचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं. स्टील, पितळ, लग्नाचे आंदणाचे संच. आमच्याकडे भांडं द्यायचं म्हणजे त्यावर नाव घालून द्यायचं. कोणाकडून, कोणाला, कशाबद्दल. ते नाव घालायचं थरथरतं मशीन काकाजींच्या हातात उभी हयात होतं. पण गिऱ्हाइकानं डबा पुढे केला की हे विचारायचे, "याच्यात कोन जेवन?" कोणी म्हणालं की नाही हो, नुसतं द्यायचं आहे, ते कपाटात ठेवतील, की काकाजी डबा परत सरकवायचे. "कपाटात ठेवाले नाव कायले पायजे? वापरायचा असंन तं आना." अशानं धंदा होत असतो का? मुलानं दुकान हातात घेतलं आणि बापाला मोठ्या मानानं घरी बसवलं. तीन दिवस काकाजी घरी बसले. त्यांचे हात आपोआप थरथरायचे म्हणे, काकू सांगायच्या, जेवताना वरणाची वाटीसुद्धा डगमगायची. चौथ्या दिवशी ते निर्मलला गेले आणि लाकडाची खेळणी करणाऱ्या कोणा कारागिराकडून एक जुनं स्क्रोल सॉ मशीन घेऊन आले. बसमध्ये त्यांनी ते मांडीवर ठेवून आणलं. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं, याचा त्यांना अभिमान होता.

मशीन म्हणजे एक लोखंडी टेबल, त्याच्या मधोमध दोऱ्याएवढं बारीक पातं, वर-खाली धावणारं. फळी हातानं फिरवायची, पातं जागचं हलत नाही. मागच्या अंगणात, सीताफळाच्या झाडाखाली पत्र्याचं छप्पर टाकून काकाजींनी ते बसवलं. सकाळी नऊला कर्रर्र सुरू व्हायचं, आणि वीज गेली की गल्लीला शांतता कळायची. तेव्हाही काकाजी उठायचे नाहीत. दोन्ही हात फळीवर ठेवून तसेच बसून राहायचे, वीज परत येईपर्यंत. काकू म्हणायच्या, "पाय कसे बसले, देवासमोर बी एवढे बसत नाई."

त्यांची ही लाकडी तुकड्यांची कोडी कोणालाच आवडायची नाहीत, म्हणजे पहिल्यांदा. लोक म्हणायचे, काकाजी, हत्ती कापा, मोर कापा, भारताचा नकाशा कापा, पोरांना कळेल तरी. काकाजी म्हणायचे, "हत्ती कापला का लोक हत्ती पाह्यतात. लाकूड कोन पाह्यते?" ते रंग लावायचे नाहीत, चित्र चिकटवायचे नाहीत. प्रत्येक तुकडा पॉलिश पेपरनं गुळगुळीत घासायचा, जवसाच्या तेलात बोट बुडवून त्याला चोळायचा आणि उन्हात सुपात वाळत घालायचा. आमच्या अंगणात सांडगे आणि कोडी शेजारी शेजारी वाळायची. एकदा माझ्या ताटात सांडग्याबरोबर एक तुकडा तळून आला होता. काकूंनी तो उचलला, पाहिला, धुतला आणि काहीच झालं नाही अशा थाटात पुन्हा सुपात टाकला.

कोडं तयार झालं की ते देऊन टाकायचे. विकायचे नाहीत. द्यायचे कोणाला, तर ज्याच्यावर त्यांची मर्जी बसली त्याला, आणि मर्जी कशावर बसेल याचा नेम नव्हता. एका माणसाला त्यांनी कोडं दिलं कारण तो बाजारात भेंडी निवडताना मोडून पाहत नव्हता. जावई मात्र दोन वर्षं वाट पाहत राहिला. काकू स्वतः कोड्याला हात लावायच्या नाहीत. माझ्या वेळेला चोरून मदत केली तेवढीच. मी विचारलं तर म्हणाल्या, "मायं घरचंच जुळवता जुळवता नाकी नऊ येतात, तुकडे कधी जुळवू?" पण मशीनखालचा भुसा त्याच झाडायच्या, आणि वासावरून सांगायच्या की आज बाभूळ आहे, आज सागवान, आज कोणाच्या तरी जुन्या खाटेचा पाय आहे.

आता पाटाचं सांगते.

दिवाळीनंतर काकाजींना मागच्या खोलीत, ज्वारीच्या कोठीमागे, एक फळी सापडली. काळीकुट्ट, तेलकट, खालच्या पट्ट्या वाळवीनं खाल्लेल्या. त्यांनी रंधा मारला आणि आतून जे सागवान निघालं ते पाहून ते इतके हरखले की मी ऑफिसला निघाले होते, तर मला जिन्यातच अडवलं. "पोस्टवाल्या बाई, इकडे या. असं लाकूड आता जंगलात बी नाई राह्यलं. ही रेघ पाहा, इथून निंगते अन् कुठी मोडत नाई." खरंच एक रेघ होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नदी वळत जावी तशी. त्या फळीचे त्यांनी चार भाग केले आणि चारांची चार कोडी कापली. आठ दिवस ते गुणगुणत होते. एक मला दिलं. एक बस स्टँडवरच्या चहावाल्याला. एक उटनूरकडच्या आश्रमशाळेतले मास्तर भांडी घ्यायला आले होते, त्यांना. एक मुलानं मागितलं म्हणून दुकानात गल्ल्यावर ठेवायला.

संक्रांतीनंतर त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. ती हैदराबादला कंपनीत हिशेबाचं काम करायची, नवरा मुलगा बोथ गावचा. घरात धावपळ सुरू झाली. एका सकाळी मी खाली नळावर पाणी भरत होते. काकू मागच्या खोलीतून बाहेर आल्या. पदराला जाळी लागलेली, हात काळे. मशीनपाशी येऊन त्यांनी विचारलं, "अहो, मागं कोठीजोळ माया पाट होता. पाह्यला काय?"

"कोनता पाट?" काकाजी मशीन बंद न करता म्हणाले. "तिथी एक फळीच होती फक्त. ते तं..."

आणि ते थांबले. मशीन चालूच होतं. पातं नुसतं वर-खाली होत होतं.

तो पाट काकूंच्या वडिलांनी केलेला होता. पैनगंगेच्या पलीकडच्या त्यांच्या गावी, काकूंच्या लग्नात. त्या पाटावर काकूंना हळद लागली, पाट त्यांच्याबरोबर सासरी आला, त्यावरच मोठ्या मुलीला लागली, मुलाला लागली. राहिली होती धाकटी. काकूंच्या माहेरचं आता काहीच उरलेलं नव्हतं. घर भावांनी विकलं, आई-वडील गेले. राहिला होता पाट, आणि त्यावर एक हळद व्हायची होती.

मला वाटलं आता आकाशपाताळ एक होईल. काकूंनी हात धुतले, पदराची जाळी काढली आणि आत गेल्या. काकाजींनी नंतर मला विचारलं, जणू मी न्यायाधीश असावी, "तीनदा पाह्यला असंन मी तो पाट. पन तवा त्याच्यावर तांदूळ असतात, कपडा असते, लेकरू बसलं असते. पाट कोन पाह्यते?" मी म्हटलं, "काकाजी, लाकूड पाहा, लाकूड पाहा म्हणून तुम्हीच सगळ्याईच्या मागं लागता." त्यांनी मान खाली घातली. मला तेव्हा त्यांची दया आली नाही. काकूंचा चेहरा मी पाहिला होता.

त्या दिवसापासून काकूंचं काकाजींशी बोलणं बंद झालं. सगळ्यांशी बोलायच्या. भाजीवालीशी तासभर बोलायच्या. स्वयंपाक वेळेवर, ताट वाढलेलं, वर तूप. फक्त शब्द नाही. आणि मुलगा बाजारात वेगळा राहायचा, घरात दोघंच असल्यामुळे निरोप न्यायला राहिले मी. "पोरी, त्याईले सांग, आंघोळीचं पाणी काढलं." काकाजी तीन हातांवर उभे असायचे. मी सांगायची, काकाजी, पाणी काढलं. ते म्हणायचे, "तिले म्हना, आलो." मी म्हणायची, काकू, आले. एकदा तर पोस्टात फोन आला, काऊंटरवर रांग लागलेली. "त्याईले फोन करून सांग, दूध नासलं, दुसरं घेऊन या." मी म्हटलं, काकू, ते कुठं आहेत? "हे काय, बाजूले बसले." काकाजी मला म्हणायचे, "पोस्टवाल्या बाई, तुमची घरपोच डाक मोठी चांगली हाये." पण हसण्यात जीव नव्हता. मशीन त्यांनी पोत्यानं झाकून ठेवलं होतं. नऊ वाजायचे आणि काही वाजायचं नाही.

लग्नाची बोलणी करायला गुरुजी आले. देवकाला दोघं जोडीनं बसतील ना, असं त्यांनी सहज विचारलं. मग काकाजी हळूच म्हणाले, "गुरुजी, जोडीदार नसला का कंबरेले सुपारी खोचून भागते ना? मी सुपारी घेऊन बसतो." गुरुजी चपापले. आतून काकूंचा आवाज आला, "पोरी, त्याईले सांग, सुपारी बी मायाच डब्यातली हाये." गुरुजींनी दक्षिणासुद्धा न मागता पंचांग गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. काकाजी जिन्याखाली उभे राहिले. वर कधी यायचे नाहीत, खालूनच म्हणाले, "तुमचा तो कोपरा मले परत पायजे." मी माझं कोडं डब्यासकट आणून दिलं. ते म्हणाले, "आता बाकीचे तीन. येता काय संगं? मले एकट्याले मागाची लाज वाटते."

दुकानातलं सोपं होतं. बस स्टँडवर चहावाला म्हणाला, "काकाजी, सब डब्बे में है, एक टुकडा छोडके. वो मेज के नीचे है. मेज हिलती थी, लगा दिया मैं." काकाजी तिथेच ओल्या फरशीवर गुडघे टेकून वाकले. चार गिऱ्हाइकांना उठवलं, टेबल उचललं, तुकडा काढला. चहा मुरून काळा पडला होता. त्यांनी तो धोतराला पुसला आणि स्वतःच्या खिशातला जुन्या कुठल्यातरी फळीचा तुकडा टेबलाखाली बसवला. टेबल हलतं का ते हात दाबून पाहिलं. मग निघाले.

उटनूरच्या बसमध्ये ते खिडकीपाशी बसले होते. इंद्रवेल्लीच्या पुढे जंगल लागलं. एवढं सागवान दोन्ही बाजूंनी उभं, पण त्यांनी एकदाही बोट दाखवलं नाही, की हे पाहा, ते पाहा. मी म्हटलं, "काकाजी, लाकूड." ते म्हणाले, "हाये उभं. राहू दे."

शाळेतले मास्तर शेतकरी वळणाचा, लाजाळू माणूस. काकाजींनी कोडं परत मागितल्यावर तो कानकोंडा झाला. "सर, आहे ना, सगळं आहे. पन पोराईनं रंगवून टाकलं." कपाटातून त्यानं डबा आणला. प्रत्येक तुकडा पोपटी हिरवा. खडूचा रंग, लाकडात चांगला मुरलेला. पोरांना वाटलं होतं की या कोड्याचं चित्र हरवलं आहे, तर आपण निदान जंगल करू. मी काकाजींकडे पाहिलं. रंग लावलेलं कोडं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं विटंबना. ते तुकडे हातात घेऊन बसले. मग पोरांना म्हणाले, "चांगलं केलं. याच्या बदल्यात तुमाले मी दहा देतो. हत्ती पायजे का मोर?" हत्ती, हत्ती असा ओरडा झाला. काकाजींनी हत्ती कबूल केला. परतताना ते मला एवढंच म्हणाले, "हिरवा निंगाले घासा लागन. पन घासला तं अजून पातळ होईन." त्यांनी तो घासला नाही.

घरी येऊन त्यांनी पोतं काढलं आणि चारी कोपरे मशीनच्या टेबलावर मांडले. ती लांब रेघ जुळली. चहाच्या डागावरून गेली, हिरव्यातून गेली, माझ्या कोपऱ्यात येऊन संपली. एकही तुकडा कमी नव्हता. मला वाटलं, झालं, जिंकलो. काकाजींनी पाटाच्या दोन बाजूंना हात लावून थोडं हलवलं आणि अख्खा पाट खुळखुळला. ते म्हणाले, "पातं जेवढं खाते तेवढं परत येत नाई." प्रत्येक कापात पात्याच्या जाडीएवढं लाकूड भुसा होऊन गेलेलं होतं. तुकडे सहज निघावे-बसावे म्हणून कोड्यात तेच लागतं. पाटात ते चालत नाही.

त्यांनी सरस लावून पाहिला. सकाळी सगळं सुटून आलं. जवसाचं तेल प्यायलेलं लाकूड सरस धरत नाही. एवढ्या प्रेमानं चोळलेलं तेल, दुसरं काय. मग त्यांनी खालून पट्ट्या मारायचं ठरवलं, स्क्रू आणले. काकू ओसरीवरून मला म्हणाल्या, "त्याईले सांग, बाबानं त्याले खिळा नव्हता मारला. लाकडाच्या खुंट्या होत्या. लोखंड लागलेल्या पाटावर मायी पोरगी बसनार नाई." स्क्रू परत गेले. खुंट्या मारायला एवढ्याशा तुकड्यांत जागा नव्हती, मारली असती तर तुकडाच फाटला असता. मग चौकट. सागवानाची सुंदर चौकट केली, घट्ट, पाट आत बसला आणि हलेना. काकूंनी तो पाहिला, खूप वेळ पाहिला. मग मला म्हणाल्या, "पोरी, विचार त्याईले, माया पाटाचा फोटो करून राह्यले काय? भिंतीवर लावाचा हाये?" काकाजींनी चौकट काढली. मला काकूंचा राग आला, खरं सांगते. मी म्हटलं, "काकू, आता अजून काय करावं त्यांनी?" काकू तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मले काय माहीत? मले पाट पायजे." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी तांदळात पडायला लागलं. मी खाली बसले आणि त्यांच्याबरोबर तांदूळ निवडायला लागले.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव. मांडववाल्यानं हळदीसाठी सजवलेली खुर्ची भाड्यानं आणली होती, झेंडूची फुलं, मागे पिसारा. आजकाल सगळीकडे तेच असतं. काकाजींनी मात्र सकाळीच सीताफळाखाली शेण-सडा घातलेल्या जागेवर, पांढऱ्या कपड्यावर तुकडा तुकडा लावून पाट मांडला होता. आणि बाजूला जाऊन खांबाला टेकून उभे राहिले. कोणाला म्हणाले नाहीत की यावर बसा.

बोथकडून उष्टी हळद आली. बायकांनी गाणं धरलं. धाकटीनं खुर्चीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि येऊन पाटावर बसली. ती बसली तसा पाट चारी बाजूंनी पसरला. एक हिरवा तुकडा सरकून बाहेर आला. बोथच्या बायका एकमेकींकडे पाहून हसायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, "हे हिरवं काय लावलं वो? खुर्ची हाये ना एवढी चांगली, घ्या ना खुर्चीवर." दुसरी म्हणाली, पोरगी पडेल. धाकटी अर्धवट उठली. तिचा चेहरा रडवेला झाला. मांडववाला खुर्ची उचलून पुढे आला.

काकूंच्या हातात हळदीची वाटी होती. त्यांनी मांडववाल्याकडे पाहिलं, मग खांबाकडे पाहिलं. मी सवयीनं पुढे झाले, निरोप घ्यायला. काकू माझ्या बाजूनं सरळ त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या,

"पाहून काय राह्यले? धरा ना एका बाजूनं."

काकाजी आले. नवं धोतर, नवी टोपी, तसेच उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी पाटाची एक बाजू दाबून धरली. पण एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूनं सुटायचा. त्यांचे हात पलीकडे पोचेनात. मग काकू समोरच्या बाजूला खाली बसल्या. डाव्या हातानं त्यांनी पाट काकाजींकडे रेटला, आणि उजव्या हातानं लेकीच्या पायाला हळद लावायला सुरुवात केली. पाट घट्ट झाला. हलला नाही. धाकटी त्यावर ताठ बसली आणि आता ती मोकळी रडत होती.

हळद फार वेळ चालली. गल्लीतल्या, बोथच्या, बाजारातल्या सगळ्या बायका येऊन लावून गेल्या. दोघं समोरासमोर उकिडवी बसून राहिली, पाट धरून. काकाजींची टोपी पिवळी झाली, मिश्या पिवळ्या झाल्या. कोणी म्हणालं, काकाजी, थकले असाल, पोराले धरू द्या. ते म्हणाले, "नाई." काकू हळद लावता लावता त्यांच्या बोटांपाशी आल्या. मला वाटलं थांबतील. त्या थांबल्या नाहीत. लेकीच्या पायावरून हात तसाच पुढे गेला, नवऱ्याच्या बोटांवरून फिरला आणि परत आला. त्यांनी वर पाहिलं नाही. काकाजींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हात मोकळे नसल्यामुळे त्यांना ते पुसताही येईना. मीही कोणाकडे न पाहता तोंड फिरवून माझे पुसले.

सगळं झाल्यावर धाकटीला आंघोळीला नेलं. पाटाच्या सगळ्या कापांमध्ये हळद जाऊन बसली होती. काळ्या, तपकिरी, हिरव्या लाकडात पिवळ्या रेघांची जाळी. मी तो उचलायला गेले तर काकू म्हणाल्या, "राहू दे, वाळू दे तसाच." तो तसाच वाळला. पुढे मी तिथे होते तोपर्यंत देवघराशेजारी भिंतीला टेकवलेला असायचा, आणि काकू त्याला कोणाला पुसू द्यायच्या नाहीत. देवकाला दोघं जोडीनं बसली, सुपारी डब्यातच राहिली.

संध्याकाळी मी चहा घेऊन खाली आले. काकाजी मशीनपाशी, वर झाकलेल्या पोत्यावर हात ठेवून बसले होते. नखांपर्यंत पिवळे. शाळेच्या पोरांचे हत्ती अजून कापायचे राहिले होते, त्याची एक फळी त्यांनी काढून ठेवली होती. मला पाहून म्हणाले, "पोस्टवाल्या बाई, तुमची डाक आता बंद."

मी म्हटलं, "बरं झालं. माये पाय दुखले."

तेवढ्यात आतून काकूंची हाक आली. "अहो, गॅस संपला. सिलिंडर लावून द्या."

काकाजी जागचे उठले नाहीत. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, "काकाजी, काकू बोलावून राह्यल्या तुमाले."

त्यांनी पिवळं बोट ओठावर ठेवलं.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "थांबा. अजून एकदा म्हनू द्या."